कसोटीची कोणती बाजू भक्कम?

रेशनच्या दुकानातल्या हाताएवढ्या मशीनवर बाईने अंगठा टेकवला की पुढच्या काही सेकंदांत काय घडतं, हे दुकानदारालाही माहीत नसतं. ठशाची माहिती मशीनमध्येच कुलूपबंद होते. त्या कुलपाची किल्ली त्या एका व्यवहारापुरती तयार झालेली असते, आणि तीही उघडी पाठवता येत नाही म्हणून तिला आणखी एका मोठ्या कुलपात टाकतात. हे दुसरं कुलूप म्हणजे चक्क एक संख्या आहे. २०४८ बिटांची, दशमान पद्धतीत लिहिली तर ६१७ अंकांची. आधार प्राधिकरणाची ही संख्या जाहीर असते, कुणीही वाचावी. तिचे दोन अवयव मात्र गुपित. प्रत्येक अवयव तीनशे आठ-नऊ अंकांचा, आणि मूळ. अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून मोलगीकडे जावं, तिथून आतल्या पाड्यांत. तिथल्या अंत्योदय कार्डावरचं महिन्याचं ३५ किलो धान्य मिळणार की नाही, हा निरोप या दोन मूळ संख्यांच्या भरवशावर घाट उतरतो आणि परत वर येतो. रेंज असेल तर.

नंदुरबार जिल्हा हे आधारचं माहेर. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. तेव्हापासून इथल्या माणसाच्या ओळखीचा आणि मोठ्या मूळ संख्यांचा संबंध जुळला तो जुळलाच. या संबंधाबद्दल लिहिणारे दोन तऱ्हेचे असतात. एक जण गणिताचं कौतुक करून थांबतो, दुसरा दुकानातल्या हालअपेष्टा सांगून. मला या दोन्ही गोष्टी एकाच लेखात हव्या आहेत, कारण माझा मुद्दा त्यांच्या मधोमध आहे. मोठी मूळ संख्या पारखताना गणिताने शंकेशी वागण्याची जी शिस्त बसवली, ती शिस्त त्याच यंत्रणेच्या दुसऱ्या टोकाला, माणूस पारखताना, आपण गुंडाळून ठेवली.

आधी संख्या.

मूळ संख्यांना अंत नाही, हे युक्लिडने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दाखवलं. पण मोठ्या होत जाणाऱ्या संख्यांत त्या विरळ होत जातात. तीनशे आठ अंकांच्या परिसरात साधारण ७१० संख्यांमागे एक मूळ. सम संख्या वगळल्या तर ३५५ मागे एक. म्हणजे किल्ली बनवणाऱ्या संगणकाने आंधळेपणाने विषम संख्या उचलायच्या आणि एकेक तपासायची. काही शे प्रयत्नांत मूळ संख्या हाती लागते. अशा दोन संख्यांचा गुणाकार क्षणात होतो. गुणाकारावरून त्या दोन परत काढणं मात्र आजवर कुणाला जमलेलं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकांच्या एका आव्हान-संख्येचे अवयव सापडले, तेव्हा त्या कामाला एका संगणक-गाभ्याची सुमारे २७०० वर्षं भरतील इतकी गणनशक्ती लागली होती. ६१७ अंक त्याच्या कितीतरी पुढे आहेत.

आता नेमका इथे एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. उचललेली तीनशे आठ अंकी संख्या मूळ आहे, हे संगणकाला कळतं कसं? शाळेत शिकलेली रीत म्हणजे २, ३, ५, ७ असं वर्गमुळापर्यंत भागत जाणं. इथे वर्गमूळच १५४ अंकांचं. सेकंदाला एक लाख कोटी भागाकार करणारं यंत्र विश्वाच्या जन्मापासून, म्हणजे १३८० कोटी वर्षं, सतत चालू ठेवलं तरी भागाकारांची संख्या जेमतेम तीस अंकी होते. तो रस्ता बंद.

मग उत्तर असं आहे, आणि ते पहिल्यांदा ऐकणारा दचकतो: बहुतेक वेळा या संख्या मूळ असल्याचं कुणी सिद्ध केलेलंच नसतं. जगभरच्या किल्ल्या बनवणाऱ्या प्रचलित आज्ञावल्या 'बहुधा मूळ' एवढ्यावर समाधान मानतात. बँका, सरकारी दाखले, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, सगळं या 'बहुधा'वर उभं आहे. आणि हे बिनधोक आहे. का आहे, ते नीट पाहण्यासारखं आहे.

फर्माने १६४० मध्ये एक गोष्ट सांगितली. प ही मूळ संख्या असेल आणि २ला प ने भाग जात नसेल, तर २चा (प–१) वा घात प ने भागला की बाकी १ उरते. २च्या जागी ३, ५, ७ काहीही घ्या. प म्हणून ७ घेऊन पाहा: २चा सहावा घात ६४, त्याला ७ने भागलं, बाकी १. आता याचीच कसोटी करता येते. बाकी १ आली नाही तर संख्या मूळ नाही, खटला संपला. अवयव सापडले नसले तरी निकाल पक्का. पण बाकी १ आली तर?

३४१ घ्या. २चा दहावा घात १०२४. ३४१ची तिप्पट १०२३. म्हणजे २चा दहावा घात ३४१ने भागला की बाकी १, आणि म्हणून ३४०वा घातही बाकी १च ठेवणार. कसोटी पास. पण ३४१ म्हणजे ११ गुणिले ३१! २च्या कसोटीला फसवणारी ही सगळ्यात लहान संख्या. हिलाच ३ची कसोटी लावली तर बाकी ५६ येते आणि सोंग उघडं पडतं. एका परीक्षकाला फसवलं, दुसऱ्याला नाही. पुढे १९१०च्या सुमारास कार्मायकेलने दाखवलं की ५६१सारख्या काही संख्या अशा बेरकी असतात की, आपल्याच अवयवांशी गाठ पडली नाही तर त्या या कसोटीच्या प्रत्येक परीक्षकाला फसवतात. अशा संख्या अनंत आहेत, हे १९९४ मध्ये सिद्ध झालं.

एखाद्या खात्याने इथे काय केलं असतं? कसोटी आणखी कडक केली असती, म्हणजे तोच कागद तीनदा मागितला असता. गणितींनी कसोटी अधिक बारकाईने वाचली. ३४१कडे पुन्हा वळू. ३२चा वर्ग १०२४, म्हणजे ३४१च्या हिशेबात १. पण ३२ स्वतः १ही नाही आणि उणे १ही नाही. मूळ संख्येच्या हिशेबात असं कधीच होत नाही. तिथे वर्ग करून १ देणाऱ्या संख्या दोनच, १ आणि उणे १. म्हणजे ज्या २ने ३४१ला पास केलं होतं, त्याच २च्या आकडेमोडीत गुन्ह्याचा पुरावा पडलेला होता. नुसता पुरावा नाही, मुद्देमालही: ३२च्या अलीकडची संख्या ३१, पलीकडची ३३, त्यांचा गुणाकार १०२३, आणि त्यातूनच ३४१चे ३१ आणि ११ हे अवयव हातात पडतात. पाचवी-सहावीच्या पोराला पाटीवर करून दाखवावं इतकं हे सोपं आहे.

ही बारकाईची कसोटी गॅरी मिलरने १९७६ मध्ये मांडली आणि मायकल रॅबिनने १९८० मध्ये तिला आजचं रूप दिलं. तिचं मर्म असं. संख्या संयुक्त, म्हणजे मूळ नसलेली, असेल, तर यादृच्छिक निवडलेल्या पायांपैकी (वरच्या २, ३सारख्या परीक्षकांपैकी) निदान तीन-चतुर्थांश पाये तिच्याविरुद्ध साक्ष देतात. एका फेरीत ती निसटण्याची शक्यता फार तर चारात एक. दोन फेऱ्या, सोळात एक. चाळीस फेऱ्या केल्या तर एकावर चोवीस शून्यं इतक्यात एक. संगणकाच्या यंत्रभागातच चूक होण्याची शक्यता याहून मोठी असते.

इथे तीन गोष्टी लक्षात घ्यायच्या. पहिली, ही कसोटी एकांगी आहे: 'संयुक्त' हा तिचा निकाल शंभर टक्के खरा, 'मूळ' हा निकाल फक्त बहुधा खरा. कसोटीची एक बाजू भक्कम, दुसरी कच्ची, आणि कोणती कोणती हे वापरणाऱ्याला आधीपासून माहीत. दुसरी, कच्च्या बाजूचा कच्चेपणा किती, याचा आकडा उघड सांगितलेला आहे. तिसरी सगळ्यात महत्त्वाची: फेऱ्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. दर वेळी नवा पाया निवडायचा. २ हाच पाया चाळीस वेळा लावला तर ती एकच फेरी होते, चाळीस नव्हे.

'बहुधा'ला गणितात किती मान आहे, आणि 'बहुधा'वर न थांबण्याची जिद्दही किती आहे, हे पाहायला फार लांब जायला नको. देवळाली नंदुरबारच्याच नाशिक विभागात येते. तिथल्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या नावाचा ६१७४ हा स्थिरांक आपल्याला माहीत असतो. त्यांनी १११, ११११, १११११ अशा नुसत्या एककांच्या संख्यांचे वर्ग घेऊन 'डेम्लो संख्या'ही मांडल्या. नऊ एककांच्या संख्येचा वर्ग करा, १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. विद्यापीठांतल्या अनेकांना हा सारा पोरखेळ वाटला. मार्टिन गार्डनरने १९७५ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिल्यावर मग आपल्याकडच्या काहींना ते दिसू लागले. आपली ही सवय जुनीच.

या एककांच्या संख्यांत मूळ कोणत्या? १११ म्हणजे ३ गुणिले ३७. पाच एकक, ४१ गुणिले २७१. सात एकक, २३९ गुणिले ४६४९. दोन एककांची ११ मूळ आहे, त्यानंतर एकदम एकोणीस एककांची, मग तेवीस एककांची. पुढची ३१७ एककांची, ती १९७८ मध्ये सिद्ध झाली. तिच्यानंतरची १०३१ एककांची, १९८६ मध्ये, कापरेकर गेले त्याच वर्षी. मग ४९,०८१ एककांची संख्या. ती बहुधा मूळ आहे हे हार्वे डबनरला १९९९ मध्ये कळलं. पण सिद्धता आली ती २०२२ मध्ये. तेवीस वर्षं ही संख्या 'बहुधा'च्या ओट्यावर बसून होती. ८६,४५३ एककांची २००० पासून थांबली, तिला २०२३ मध्ये आत घेतलं. ८१,७७,२०७ एककांची संख्या अजून बाहेरच आहे. तिच्या मूळपणाबद्दल कुणालाही मनातून शंका नाही, पण सिद्ध झालेल्यांच्या यादीत तिला जागा मिळालेली नाही, आणि ती संयुक्त असल्याचा शेराही कुणी मारलेला नाही. तिच्यासाठी तिसरा रकाना आहे. हा तिसरा रकाना मला फार सुसंस्कृत वाटतो.

याहून कितीतरी मोठ्या संख्येची सिद्धता मात्र झालेली आहे. आज ठाऊक असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या म्हणजे २चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिचे अंक ४,१०,२४,३२०. द्विमान पद्धतीत लिहिली तर ती नुसत्या एककांची रांग असते, म्हणजे कापरेकरांच्या रांगेचं दूरचं भावंड. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरँटने चालवलेल्या यंत्रांपैकी डब्लिनमधल्या एकाने कळवलं, 'बहुधा मूळ'. दुसऱ्या दिवशी टेक्ससमधल्या दुसऱ्या यंत्राने दुसऱ्याच कसोटीने, ल्युकास-लेमरच्या रीतीने, शिक्कामोर्तब केलं. चार कोटी अंकांची सिद्ध होते आणि एक्याऐंशी लाखांची होत नाही, असं कसं? कारण सिद्धता शेजाऱ्यावर अवलंबून असते. पहिलीत १ मिळवला की शुद्ध २चा घात उरतो, त्याचे अवयव उघडे आहेत. दुसरीच्या शेजारणींचे अवयव पुरेसे सापडलेले नाहीत. संख्येच्या अंगच्या गुणाचा यात काही संबंध नाही. मूळपणा दोघींचाही सारखाच. कागदपत्रं एकीची सुदैवाने सोपी निघाली.

'बहुधा'शिवाय चालवता येतं का? तत्त्वतः येतं. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी कोणत्याही संख्येचा मूळपणा निःसंशय, आणि वाजवी गतीने वाढणाऱ्या वेळात, ठरवणारी रीत शोधली. शतकानुशतकांचा प्रश्न सुटला. तरीही किल्ल्या बनवणाऱ्यांनी ती रीत उचलली नाही. ती संथ आहे, आणि मिलर-रॅबिनची उरलेली शंका इतकी बारीक की ती पुसण्यासाठी तेवढा वेळ घालवणं परवडत नाही. म्हणजे पूर्ण पुरावा हाताशी असताना जगाने विचारपूर्वक, मोजून-मापून, संशयाचा फायदा संख्येला दिला.

आता अंगठा.

ठशाची कसोटीसुद्धा एकांगी आहे, फक्त उलट्या अंगाने. ठसा जुळला तर माणूस तोच, हे जवळपास पक्कं. तशीच पातळी यंत्रात बसवलेली असते. ठसा जुळला नाही, तर त्यातून फारसं काहीच कळत नाही. घाम, धूळ, म्हातारपण, भेगा, मशीनची घाणेरडी काच, काहीही असू शकतं. अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरात उन्हाळ्यात घरोघर आमचुरासाठी कैऱ्या सोलतात, चिरतात. पावसाळ्यानंतर मोर आणि भगर ही बारीक धान्यं काढतात. पुढे हंगामात कित्येक कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. कोयत्याच्या मुठीवर आणि कैरीच्या आंबटात घासलेल्या बोटांवर रेषा कितीशा उरणार? तरीही मशीन 'तीनशे' हा आकडा दाखवतं, म्हणजे ठसा जुळला नाही, आणि व्यवहार तिथे थांबतो. ज्या बाजूने कसोटी कच्ची, तीच बाजू भक्कम धरली गेली.

मार्च २०१८ मध्ये आधार प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयात स्वतःच आकडे मांडले होते: देशभरात बोटांच्या ठशांची जुळणी सुमारे ६ टक्के वेळा फसते, बुबुळांची सुमारे ८.५ टक्के. हा आकडा घेऊन एक हिशेब करू. धरून चालू की हजार माणसं आली, त्यांत पाच तोतये आहेत. (इतके असतील असं मी म्हणत नाही, हिशेबासाठी घेतले.) पाचही पकडले गेले असं उदारपणे माना. उरलेल्या ९९५ खऱ्यांपैकी ६ टक्के, म्हणजे साठेक जण, नाकारले जातील. मशीनसमोर नाकारलेले पासष्ट उभे आहेत आणि त्यांत साठ खरे आहेत. अशा पासष्टांच्या रांगेकडे बोट दाखवून 'हे पाहा, बोगस लाभार्थी गळाले' असं म्हणणाऱ्याला गणिताच्या पेपरात शून्य मिळेल.

यावर दुकानात एक उपाय ठरलेला असतो. 'परत लाव.' हात पुसून, डोक्याच्या तेलात बोट फिरवून, पुन्हा. चाळीस फेऱ्यांनी शंका नाहीशी होते ना, मग पाच-सहा वेळा लावायला काय हरकत, असं कुणी म्हणेल. पण तीच झिजलेली बोटं, तीच काच, तीच जुनी नोंद. फेऱ्या स्वतंत्र नाहीत. दुसऱ्यांदा न जुळल्याने आपलं ज्ञान जवळपास तिळभरही वाढत नाही. बाईचा वेळ आणि पत मात्र दर खेपेला कमी होते. स्वतंत्र फेरी म्हणजे वेगळ्या जातीचा पुरावा: बुबुळ, मोबाइलवरचा आकडा, घरातलं दुसरं माणूस, कार्ड आणि नोंदवहीतली सही, किंवा शेजारणीची साक्ष. मोबाइलचा आकडा रेंज नसलेल्या पाड्यात येणार नाही, हे उघड आहे. शेजारीण येईल.

विरुद्ध बाजूचा मुद्दा पोकळ नाही, त्याला उत्तर दिलं पाहिजे. बोगस कार्डांवर धान्य उचललं जात होतं. नोंदवहीत खोट्या सह्या होत होत्या. 'दुकानदार सगळ्यांना ओळखतो' हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की तोच दुकानदार पूर्वी आदिवासीच्या नावावरचं धान्य परस्पर विकायचा. मशीन आलं ते याच्या चिडीतून, आणि ठसा जुळल्याशिवाय माल सुटत नाही म्हटल्यावर त्या लुटीला चाप बसला असेल तर त्याचं श्रेय मशीनला द्यावं. माझा आक्षेप मशीन असण्याला नाही. जुळलेला ठसा मशीनला चांगला कळतो. न जुळलेल्यावर मत देण्याचा अधिकार त्याला नव्हता आणि आपण तो देऊन बसलो. चोरी धरायची असेल तर ज्या दुकानात तिसऱ्या रकान्यातली, म्हणजे ठसा न जुळलेली, नावं अचानक फुगतात ते दुकान तपासा. संख्याशास्त्र त्यासाठीच असतं. वृद्ध बाईला परत पाठवून चोर सापडत नाही.

गंमत अशी की हीच यंत्रणा आकड्यांच्या बाबतीत फार समजूतदार आहे. आधारचा बारावा अंक पहिल्या अकरांवरून ठरतो. याकोबस व्हर्होफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये पंचकोनाच्या दहा सममितींवरून ही युक्ती बांधली. एखादा अंक चुकीचा टंकला, किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, की ही रीत ते हमखास पकडते. पकडल्यावर काय होतं? संगणक म्हणतो, आकडा पुन्हा टाका. टंकणारा लबाड आहे असं कुणी मानत नाही. चूक टंकलेखनाची मानायची आणि न जुळण्याचा दोष बोटाला लावायचा, हा भेद गणिताने शिकवलेला नाही.

आणखी एक उदाहरण, परदेशातलं. २०१७ मध्ये लक्षात आलं की एस्टोनियातल्या सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांतल्या चिपने मूळ संख्या बनवताना घाई केली होती. संख्या खऱ्या मूळ होत्या. पण वेगासाठी त्या एका अरुंद घराण्यातून उचलल्या होत्या, आणि घराणं कळलं की अवयव शोधणं सोपं होत होतं. सरकारने प्रमाणपत्रं थांबवली, नव्या किल्ल्या दिल्या. दोष बनवणाऱ्या यंत्रणेवर धरला गेला, कार्ड बाळगणाऱ्यावर नाही. म्हणजे संख्या मूळ असूनही कुलूप कच्चं असू शकतं, आणि कुलूप पक्कं असूनही आत पाठवलेला निरोप चुकीचा असू शकतो. ६१७ अंकांची संख्या एवढीच हमी देते की मशीनने जे पाठवलं ते वाटेत कुणी वाचलं नाही. मशीनने जे टिपलं ते खरं होतं, असं ती म्हणत नाही. 'अत्याधुनिक कूटलेखन' हे शब्द पत्रकात वाचले की वाचकाला वाटतं सगळी साखळीच अभेद्य आहे. अभेद्य आहे ती एक कडी.

अनेक स्वतंत्र पुरावे घेऊन निर्णय करायची पद्धत या डोंगराळ भागाला नवी नाही. २००६च्या वनहक्क कायद्याचे नियम २००८ मध्ये आले, त्यांतल्या तेराव्या नियमात दाव्याच्या पुराव्यांची यादी आहे. सरकारी कागद आहेत, जमिनीवरच्या खुणा आहेत, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी नोंदवलेलं निवेदनही आहे. वर स्पष्ट लिहिलंय की एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावेत. म्हणजे जमिनीसारख्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या भांडणाच्या गोष्टीत म्हाताऱ्याचा शब्द कायद्याला चालतो. पस्तीस किलो तांदूळ-गव्हासाठी मात्र शेजारणीचा शब्द चालू नये? मिलर आणि रॅबिन यांना तो नियम दाखवला असता तर त्यांना तो लगेच कळला असता. वेगवेगळे पाये, एकमेकांपासून स्वतंत्र, आणि एकावर सगळा भार नाही.

मोठ्या मूळ संख्येचा मला सगळ्यात भावणारा गुण तिच्या आकारात नाही. तिचा मूळपणा आपल्या कसोटीवर अवलंबून नसतो, हा तो गुण. ४९,०८१ एककांची ती संख्या १९९९ मध्ये मूळ होती, १८९९ मध्येही होती, आणि सिद्धता सापडली नसती तरी असती. कसोटी आपल्या अज्ञानाची मर्यादा दाखवते, संख्येची नव्हे. अन्नसुरक्षा कायदा २०१३चा. त्यातला हक्क माणसाला कायद्याने मिळालेला आहे, ठशाने नाही. सप्टेंबर २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधार कायद्याचं सातवं कलम कायम ठेवलं, पण ओळख पटली नाही म्हणून पात्र माणूस वंचित राहता कामा नये, हेही त्याच निकालात नोंदवलं.

म्हणून मागणी मोठी नाही. न जुळलेल्या प्रत्येक ठशाची पावती निघावी, तिच्यावर तारीख, वेळ आणि तो 'तीनशे'चा आकडा असावा. त्याच खेपेला, त्याच ठिकाणी दुसऱ्या जातीचा पुरावा घेऊन धान्य द्यावं. आणि दर महिन्याला किती जणांचा ठसा फसला, त्यांतल्या किती जणांना धान्य मिळालं, हे दोन आकडे दुकानाच्या दारावर लागावेत. कच्च्या बाजूचा कच्चेपणा उघड सांगणं, एवढंच यात आहे.

यातलं निम्मं काम तर झालेलंही आहे. ठसा जुळला नाही किंवा रेंज नसली तरी शिधा नाकारू नका, अपवादाची सोय ठेवा, असं आधार प्राधिकरणाचं परिपत्रक आहे, २४ ऑक्टोबर २०१७ चं. तुमच्या पाड्यावर कुणाचा अंगठा लागला नाही, तर ही तारीख दुकानदाराला सांगा, नोंदवहीत नाव लिहून घ्यायला लावा, आणि धान्य घेतल्याशिवाय माघारी फिरू नका.